टिपणीस मास्तरांचा चापडा

रोह्यात बाळ टिपणीस मास्तरांचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात. हसण्याला कारणं आहेत. पुलावर भर गर्दीत स्कूटर आडवी लावून, मागच्या दोन डंपरवाल्यांच्या शिव्या खात, एका हरणटोळ सापाला रस्ता ओलांडू देणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही. लग्नानंतर लतिकाबाईंना पहिल्यांदा फिरायला नेलं ते घाटातल्या बांबूच्या बेटात, आणि तिथे त्यांना एका फांदीखाली बराच वेळ उभं केलं, कारण वर एक चापडीण नुकतीच व्यालेली होती. व्यालेली म्हणजे खरोखरच व्यालेली. हा साप अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. मास्तर खालून तोंड वर करून हरखून बघत होते, आणि लतिकाबाई, त्यांच्याच शब्दांत, "माहेरी परत जायला एसटी किती वाजता" याचा विचार करत होत्या.

मास्तरांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण खरं शिकवलं ते चापड्यावर. चापडा म्हणजे हिरवा, आखूड, जाडसर, तिकोनी डोक्याचा विषारी साप. घोणस आणि फुरसं ही त्याची चुलत भावंडं, घराणं एकच. फरक इतकाच की चापड्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधे एक खाच असते, आणि त्या खाचेतून त्याला ऊब दिसते. "दिसते म्हणजे?" असं कोणी विचारलं की मास्तरांची कळी खुलायची. काळोखात उंदीर आला तर त्याच्या अंगाच्या उबेचं चित्रच सापापुढे उमटतं म्हणायचे. घोणशीला ही खाच नाही, फुरशाला नाही, म्हणून शास्त्राने चापड्याची जात वेगळी काढली. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचं लॅटिन नाव बदललं, ट्रायमेरेसुरसचं क्रॅस्पेडोसेफॅलस केलं, तेव्हा मास्तर आठवडाभर असे फिरत होते की जणू त्यांचंच आडनाव बदललंय आणि रेशनकार्डावर नोंद व्हायची राहिलीय. आळीत त्यांना चापडा मास्तर म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडत होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांचा फोन नंबर सर्पमित्र म्हणून इकडे नागोठण्यापासून तिकडे कोलाडपर्यंत पोचला. साप निघाला की लोक आधी काठी उचलत, आता आधी फोन उचलू लागले, ही त्यांची कमाई. माणसं लांबूनच सापाचं वर्णन सांगायची आणि मास्तर इकडे झोपाळ्यावर बसून नाव सांगायचे. "अंगावर साखळी आहे? घोणस. लांब राहा." "काळा, पांढरे पट्टे? मण्यार." समोर चार माणसं बसलेली असली तर ते फोन स्पीकरवर टाकायचे. लतिकाबाई म्हणायच्या, "अहो, कधी कधी माहीत नाही असंही म्हणून बघा. तोंडाला फोड येत नाही." मास्तर त्यावर नुसते झोका घ्यायचे.

तो दिवस गौरी आणायचा होता. मास्तरांच्या घरी गणपतीला आलेली आळीतली माणसं बसली होती, कोणी उकडीचा मोदक संपवत होतं, कोणी दुसरा आणायला लतिकाबाईंच्या तोंडाकडे बघत होतं. तेवढ्यात निडीहून हितेशचा फोन आला. हितेश डोलवीच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर कामाला, शिफ्ट बदलून घरी आला होता. त्याची बहीण पूजा मास्तरांची विद्यार्थिनी. लग्न होऊन हमरापूरला गेली आणि सासू बायजाबाईच्या हाताखाली गणपतीच्या डोळ्यांची आखणी शिकली. दोन-चार वर्षांत सासूपेक्षा बरी करू लागली. डोळे आखायचे म्हणजे मूर्तींच्या कारखान्यातलं शेवटचं आणि सगळ्यात जपून करायचं काम, कितीही सुंदर मूर्ती असो, एक बाहुली इकडची तिकडे झाली की देव तिरळा. मूर्ती सगळ्या गेल्यावर ती गौरीला माहेरी आली होती.

मास्तरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मास्तर, पूजाला साप चावला," हितेश म्हणाला. मागे ताट वाजत होतं आणि बायका गौरीची गाणी म्हणत होत्या. "डोंगराच्या पायथ्याला आलो होतो, तेरडा उपटाया. तिनं मुळासकट गौर उपटली आणि हाताला चावला."

"कसा होता?"

"हिरवा. झाडीत सळसळला नि गेला. मी शेपूट बघितलं, हिरवंगार."

"लांब होता? वेलीसारखा?"

"असंल. वेलीसारखाच."

"पूजाला दे फोन."

"ती बोलायची नाय, मास्तर. गौर हाय तिच्या हातात."

आता हे रायगडात कोणाला सांगायला नको. गौर म्हणून तेरड्याचं रोप उपटलं की ते घरात जाऊन पाटावर बसेपर्यंत आणणाऱ्या बाईने बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि चुकून बोललं जाऊ नये म्हणून तोंडात पाण्याची गुळणी धरायची. पूजाच्या दोन्ही गालांत पाणी होतं.

"मान हलवतेय," हितेश म्हणाला. "नाय नाय करतेय. नि एक बोट डोळ्यापुढं उभं धरतेय. भोवळ आली का काय?"

"घाबरली की येते भोवळ," मास्तर म्हणाले. समोर मोदक खाणारे ऐकत होते. "नाही नाही म्हणतेय म्हणजे फार दुखत नाहीये. हिरवा, वेलीसारखा, तेरड्यात. हरणटोळ तो. त्याचे दात मागे असतात, माणसाला काही होत नाही. साबणाने धुवा आणि गौर घरात घ्या."

फोन बंद झाला. कोणीतरी कौतुकाने "क्या बात है" म्हणालं, आणि मास्तरांनी हरणटोळावर थोडं आणखी सांगितलं.

दिवे लागायच्या सुमाराला फोनवर एक फोटो आला. खाली हितेशने लिहिलं होतं, "हळद लावली. उतरेल ना?"

मास्तरांनी चष्मा लावला. फोटोत उजवा हात होता, आणि तो पूजाचा आहे हे फक्त हिरव्या चुड्यावरून कळत होतं. मनगटापर्यंत सगळं तट्ट फुगलं होतं. तर्जनीच्या बुडाशी हळदीखाली एक जांभळा फोड, आणि त्याच्या कडेला दोन टिंबं. शेजारी शेजारी, मधे बरंच अंतर ठेवून. हरणटोळाने कितीही रागाने चावा घेतला तरी बारीक ओरखड्यांची रांग उठते, अशी दोन टिंबं उठत नाहीत. पुढचे लांब दात असणाऱ्याचीच ती.

"काय झालं?" लतिकाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो बघितला, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांची छत्री खुंटीवरून काढून आणली.

हितेश फोन उचलेना. गौर घरात आली म्हणजे अंगणात फेर धरलेले, फोन कुठेतरी फडताळात. मास्तरांनी सात-आठ वेळा लावला आणि शेवटी नाक्यावरची रिक्षा केली. वाटेत ते स्वतःशीच घोकत होते, हिरवा, हिरवा तर फुरसं नाही, पण हितेशने नुसतं शेपूट बघितलं, पाल्याच्या सावलीत दिसला असेल हिरवा. रिक्षावाला आरशातून त्यांच्याकडे बघत राहिला. 

निडीत घराच्या पडवीत पूजा भिंतीला टेकून बसली होती. आत गौर पाटावर बसलेली, नेसवलेली, नथ घातलेली, आणि बायकांचा फेर चाललेला. पूजाचं तोंड पांढरं पडलं होतं. कोपराच्या खाली सुतळीने हात करकचून आवळलेला होता.

"सुतळी कुणी बांधली?"

"म्या," कान्हूकाका म्हणाले. पूजाचे चुलते, सत्तरीच्या पुढचे. "तुमी म्हनालात बिनविषारी हाय, पन म्हटलं असू दे. वर चढाया नको."

मास्तरांनी सुतळी सैल करायला घेतली. ती मांसात रुतली होती. पूजाची आई सीताबाई दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातात ओटीचं ताट होतं.

"चापडा असावा," मास्तर म्हणाले. "दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता."

"तुमीच बोललात ना मास्तर, हरणटोळ म्हणून?"

"बोललो. चुकलं."

सीताबाईने ताट खाली ठेवलं नाही. "ही पोर गौर ठेवल्या ठेवल्या म्हणत व्हती. आई, तो नव्हता गो हरणटोळ. मी म्हणलं, मास्तरापेक्षा तुला जास्त कळतंय व्हय? गप बस जरा. हळद लावते." तिने हे आवाज न चढवता सांगितलं. मास्तरांना वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

हितेशने पूजाला उचलून रिक्षात घातलं. वाटेत ती दोनदा ओकली. मास्तर तिच्या शेजारी बसले होते, हात स्थिर राहावा म्हणून तिच्या कोपराखाली आपली घडी केलेली छत्री धरून. तिला काय दिसलं ते विचारायचं होतं. पण विचारायला तोंड उघडलं की दुपारचा आपला स्वतःचा आवाज कानात यायचा, स्पीकरवरचा.

रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण घाईतल्या नव्हत्या. हात बघितला, नाडी बघितली, रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत ओतलं आणि नळी न हलवता टेबलाच्या कडेला उभी करून ठेवली. रक्त गोठतं की पातळच राहतं ते त्या वीस मिनिटांनी बघणार होत्या. मग मास्तरांकडे वळल्या.

"तुम्ही सर्पमित्र टिपणीस ना? साप कोणता?"

"चापडा असावा."

"असावा नको सर. माझ्याकडे सापाच्या विषावरची लस आहे ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यावरची. चापड्यावर ती चालत नाही. नाही चालली तर नुसती वाया गेली असं होत नाही, रिअॅक्शन येऊ शकते. आणि घोणस किंवा फुरसं असेल आणि मी नाही दिली, तर ते जास्त वाईट. तुम्ही बघितलात साप?"

"नाही."

"मग दुपारी हरणटोळ कशावरून सांगितलंत?"

हितेश भिंतीशी उभा होता. त्याने मान खाली घातली, जणू प्रश्न त्यालाच विचारला होता.

आयुष्यभर मास्तरांनी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी श्वाससुद्धा घेतला नव्हता. आता त्यांनी खुर्ची ओढली. खाटेशी बसले आणि दुपारी जे करायला हवं होतं ते केलं.

"पूजा, तू काय बघितलंस?"

पूजाने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते, शब्द सुटे सुटे येत होते. "तो हलला नाय, मास्तर. बसूनच व्हता, बुंध्याशी, वेटोळं करून. माझा हातच गेला त्याच्यावर. जाडा व्हता. अंगठ्याएवढा."

"डोकं?"

"रुंद. मानेपेक्षा रुंद." ती थांबली, दम घेतला. "नि डोळा. मी डोळाच बघितला आधी. पिवळट, नि मधे बाहुली उभी. चिरेसारखी. शाळेत तुमी फळ्यावर दोन डोळे काढले व्हते. हरणटोळाची आडवी, बाहुली आडवी पडलेली. माझ्या ध्यानात व्हतं. म्हणून मी बोट उभं धरून दावत व्हते. हितेशला नाय कळलं."

हितेशने तोंड दुसरीकडे फिरवलं.

 फळ्यावरचे ते डोळे मास्तरांना आठवत नव्हते. किती वर्गांना, किती वर्षं काढले असतील. या एका पोरीने ते धरून ठेवले होते, आणि पुढे देवाचे डोळे काढता काढता कोणाचाही डोळा आधी बघायची तिला सवय लागली होती. भोवळ नव्हती ती. ती त्यांना त्यांचाच धडा म्हणून दाखवत होती, तोंडात पाणी धरून, आणि ते मोदक खाणाऱ्या चार माणसांकडे बघून बोलत होते.

"घोणशीची बाहुलीही उभीच असते," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "फुरशाचीही."

"हो," मास्तर म्हणाले. "घराणं तेच. पूजा, रंग नीट आठवतो? पाठीवर काही होतं? साखळी, ठिपके, नक्षी?"

"नाय. सगळा हिरवा. पोपटी रंगाला थोडा काळा पाजावा तसा. नि पोटाकडं पिवळं. रंग मला समजतो ना मास्तर."

"घोणस तपकिरी असते आणि पाठभर साखळी. फुरसं मातकट. हिरवं अंग, रुंद डोकं, उभी बाहुली, बसल्या जागी थांबून राहणारा," मास्तर डॉक्टरीण बाईंना म्हणाले. "चापडा. आता सांगतो ते ऐकून सांगतो."

बाईंनी मान डोलवली, पण लगेच काही केलं नाही. वेळ भरल्यावर नळीकडे गेल्या, ती हळूच तिरकी केली. रक्ताचा गोळा नळीला धरून राहिला, ओघळला नाही. "गोठतंय," त्या म्हणाल्या. "तुमचं म्हणणं आणि हे जुळतंय. लस देत नाही. पण रात्रभर पुन्हा पुन्हा बघावं लागेल. जीव वाचेल असं वाटतं." मग त्यांनी सुतळीच्या वळाकडे बघितलं. "बोटाचं मात्र सांगता येत नाही. चावला त्यापेक्षा या आवळण्याने आणि वेळ गेला त्याने जास्त नुकसान केलंय."

जीव वाचला. तर्जनीच्या बुडाचं मांस मात्र काळं पडलं, ते काढावं लागलं. तिथे नवी कातडी आली ती ताणलेली, चकचकीत, आणि बोट अर्धंच मिटू लागलं.

मास्तरांचा फोन पुढे पुष्कळ वाजला. पहिले काही दिवस त्यांनी उचललाच नाही. नंतर उचलू लागले, पण साप बघितल्याशिवाय नाव सांगेनात, स्कूटर काढून जायचे, मग साप कुठे तरी गेलेला असायचा आणि मास्तर तसेच परत. आळीत म्हणायला सुरुवात झाली की मास्तरांचं डोकं गेलं. एकाने तर तोंडावरच विचारलं, "काय मास्तर, झोपाळ्यावरून साप दिसायचा बंद झाला?"  लतिकाबाईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे निघाला तर फोन करू नका, हो. थेट वर जा." विचारणारा चहा न घेता गेला.

माघी गणपतीच्या मूर्ती रंगायला आल्या तेव्हा मास्तर एकटेच हमरापूरला गेले. कारखान्यात ओळीने मूर्ती मांडलेल्या, पितांबर, शेला, सोंड सगळं रंगून झालेलं, आणि सगळ्या आंधळ्या. बायजाबाई एका कोपऱ्यात बसून कमळांना रंग देत होती. मास्तरांना बघून तिने पाट सरकवला, पाणी दिलं, आणि जे मनात होतं ते सरळ बोलली.

"औंदा डोळे मीच करणार होते. पन माझी नजर नाय आता. सहा आखले नि सहाही गिऱ्हाइकाने परत पाठवलेन. म्हनतो, देव रागावल्यासारखा बघतोय."

पूजा खाली मांडी घालून बसली होती. समोर लहानशी मूर्ती. कुंचला तिने अंगठा आणि मधलं बोट यांच्यात धरला होता, तर्जनी बाजूला उभी, कामाला न येणारी. "बसा मास्तर," ती म्हणाली.

तिने डावा डोळा आखला. वरची रेघ, खालची रेघ, मधे बाहुली. चांगला झाला. मग उजवा घेतला. वरची रेघ नीट गेली, खालच्या रेघेला टोकाशी कुंचला थरथरला. तिने ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, पुन्हा घेतला. पुन्हा थरथरला. मास्तर श्वास रोखून बघत होते. त्यांना जे बोलायचं होतं ते ते रोह्यापासून जुळवत आले होते, आणि आता एकही वाक्य उपयोगाचं वाटत नव्हतं.

"पूजा," ते म्हणाले, "तुझ्या हाताचं..."

"मास्तर, आता नको," ती मूर्तीवरची नजर न काढता म्हणाली. "तुमी बघत बसलात की हात जास्त हलतो. जरा बाहेर बसा."

मास्तर उठून बाहेर आले. दारापाशी प्लास्टरच्या रिकाम्या गोणींचा ढीग होता, त्यावर बसले. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघून जात होते. आतून बायजाबाईचा आवाज येत होता, "घाई नको गो," आणि मधेच फडकं पाण्यात बुडवून पिळल्याचा आवाज. तो आवाज थांबायची मास्तर वाट बघत होते. एकदा थांबला. बराच वेळ आला नाही. मास्तर अर्धवट उठले. मग पुन्हा फडकं पिळल्याचा आवाज आला, आणि ते परत खाली बसले.